भूतबंगल्याच्या वाटेवर कौसामायचं घर

अकोल्याचा भूतबंगला कसा आहे, हे परत आल्यापासून मला निदान आठ-दहा जणींनी विचारलं. चांगला आहे, मुलांना आवडेल, जरूर जा. याहून जास्त मला सांगता येत नाही, कारण तिथे पोहोचेपर्यंत मी माणसातून उठले होते. हे प्रवासवर्णन आहे, पण त्यातला बराचसा प्रवास मान खाली घालून केलेला आहे.

राजापेठ, अमरावती

आमच्या घरची कुठलीही सहल आधी वहीत होते आणि मग रस्त्यावर. वही माझी. राजापेठेत मी दहावीच्या गणिताचे क्लास घेते, त्यामुळे वेळापत्रकाचं वेड अंगात भिनलेलं आहे. माझा नवरा दिलीप म्हणतो की वैजूला उद्या स्वर्गात नेलं तरी ती आधी विचारेल, नाश्ता किती वाजता.

माझ्या भावाची मुलगी ईशा सहामाहीची परीक्षा आटोपून पुण्याहून चार दिवसांसाठी आली होती. वय चौदा. तिनंच मोबाइलवर जाहिरात शोधून काढली: अकोल्यात प्रदर्शनाच्या मैदानावर 'हॅलोविन भूतबंगला', रविवारी संध्याकाळी पाचचा खेळ. माझी मुलगी जुई बारा वर्षांची. ती लगेच नाचायला लागली. मी वही उघडली. तिकिटं काढली, पाण्याच्या बाटल्या, ओकारीच्या गोळ्या, घाबरून कुणाचा घसा बसला तर खडीसाखर, सगळं लिहून काढलं.

इथपर्यंत थांबले असते तर बरं झालं असतं. पण मला वाटलं, मुलींना आधी थोडं तापवलं पाहिजे. कोरड्या अंगानं भूतबंगल्यात जाण्यात काय मजा? म्हणून रोज जेवणं झाल्यावर मी त्यांना माझ्या गावच्या कौसामायची गोष्ट सांगायला लागले.

आमचं गाव चांदूर बाजारच्या पुढे, सगळा संत्र्याचा मुलूख. वडील तिथे शाळामास्तर होते. गावाबाहेर एका बागेत कौसामाय एकटी राहायची. नवऱ्यानं टाकलेली, घाऱ्या डोळ्यांची. संत्र्याची कलमं बांधण्यात तिचा हात धरणारा कोणी नव्हता. ही झाली खरी माहिती. माझ्या गोष्टीत मात्र तिचे पाय उलटे होते, ती हाक मारायची तेव्हा कुत्री केकाटायची आणि तिच्या हातचं खाल्लेलं पोर आजारी पडायचं. "मी स्वतः पडले होते," मी मुलींना सांगितलं. "आईनं दृष्ट काढून मिरच्या चुलीत टाकल्या. सगळ्या घराला खोकला सुटायला हवा होता. कुणाला ठसकासुद्धा लागला नाही, म्हणजे दृष्ट पक्की. तुमची आजी पदर तोंडाला लावून चुलीपाशीच उभी होती, विचारा तिला!"

माझी आई आमच्याकडेच असते. पुण्यात तिचा जीव रमत नाही. ती तिथेच मेथी निवडत बसली होती. मुलींनी तिच्याकडे पाहिलं, तर ती अर्धी मेथी तशीच टाकून आत निघून गेली. आजीला भुतांच्या गोष्टी आवडत नाहीत, असं मी हसत म्हणाले.

आता खरं काय झालं होतं ते सांगते. ज्यांना भुलाबाई माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे पोरी संध्याकाळी घरोघर जाऊन भुलाबाईची गाणी म्हणतात. गाणी झाली की घरची बाई झाकलेला डबा वाजवून दाखवते आणि आत काय खाऊ आहे ते पोरींनी ओळखायचं. ओळखलं तरी खिरापत मिळते, नाही ओळखलं तरी मिळते. मी दहा वर्षांची असताना आम्ही कौसामायच्या घरी गाणी म्हटली. त्याच दुपारी मी तिच्याच बागेतली कच्ची संत्री चोरून खाल्ली होती, पोटाला तडस लागेपर्यंत. त्यामुळे डबा ओळखण्याच्या गडबडीत मी नव्हतेच; खिरापत हातात पडली तशी, न बघताच, कुंपणाबाहेर फेकली. पुढे अंधारात पोटानं आपला हिशेब मागितला. ओकाऱ्या, ताप, सगळं. काय खाल्लं म्हणून आईनं विचारलं. चोरी कबूल केली असती तर वडिलांनी छडी मोडेपर्यंत मारलं असतं. मी म्हणाले, "कौसामायची खिरापत. ती माझ्याकडे टक लावून पाहत होती."

मग त्या मिरच्या. आणि दुसऱ्या दिवसापासून गावातली एकही पोर तिच्या दारात गेली नाही. कोजागिरीच्या संध्याकाळी आम्ही रस्त्यानं गाणी म्हणत गेलो तेव्हा ती डबा घेऊन दारात उभी होती. आम्ही पलीकडच्या कडेनं धावत पुढे निघून गेलो. हे मला लख्ख आठवत होतं. तरी मी पस्तीस वर्षांनी तीच थाप, तिखटमीठ लावून, माझ्याच मुलीला सांगत होते.

ईशा म्हणाली, "आत्या, ते घर अजून आहे? मग आधी खरं घर, नंतर खोटं!"

आमचं गावातलं घर विकून वीस वर्षं झाली होती. कौसामाय कधीच वारली असेल, असं मी धरून चालले. कुणाला विचारलं मात्र नाही. मी वहीत लिहिलं: सकाळी अकरा, भुताचं घर, बाहेरूनच. मग दर्यापूर-मूर्तिजापूरवरून अकोला. दिलीप म्हणाला, "रस्ता वाकडा पडते. पण तुही वही म्हंजे काळ्या दगडावरची रेघ. चला."

बागेतलं घर

कोजागिरी नुकतीच झाली होती. चांदूर बाजारच्या पुढे दोन्ही बाजूंनी संत्र्याच्या बागा लागल्या. फळं अजून हिरवी, एखाद्याच झाडावर पिवळी झाक आलेली. आंबिया बहाराचं संत्रं वरून हिरवं दिसलं तरी आतून गोड व्हायला लागलेलं असतं, असं मी मुलींना सांगत होते. पुण्याच्या मुलीला संत्रं झाडावर लागतं एवढंच कौतुक पुरेसं होतं.

घर होतं. टिनाचं छप्पर, भिंतींना ताजा चुना, दारात तुळस. मोडकं काहीतरी सापडेल म्हणून आलेली ईशा जराशी हिरमुसली, पण तिनं मोबाइल काढला आणि चित्रीकरण करत निघाली. "तर मित्रांनो, आपण आलो आहोत खऱ्याखुऱ्या भुताच्या घरी..."

दार उघडलं. जाड भिंगांचा चष्मा, हाताला पीठ, पाठीला बाक आलेली एक लहानशी बाई.

"कोन हाय व?"

गाडीत जाऊन बसावं, असं मला फार वाटलं. पण म्हणाले, "मी, माय. मास्तरांची वैजू."

"वैजी!" ती पायऱ्या उतरून जवळ आली, माझा दंड धरून चेहरा उन्हाकडे वळवला. आणि पहिलं वाक्य काय म्हणावी? "पोट कसं हाय व तुहं आता?"

म्हाताऱ्या माणसांना पोटाची चौकशी करायची सवय असते. मी हसून म्हणाले, "बरं हाय."

"आन ह्या पोट्ट्या? कायले आल्या?"

जुई खोटं बोलत नाही. हे मी शाळेच्या पालकसभेत कौतुकानं सांगत असते. ती म्हणाली, "भूत पाहायला."

"कोनाचं?"

जुईनं माझ्याकडे पाहिलं. कौसामायनंही माझ्याकडे पाहिलं. मग तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"मंग उभ्यानं काहून पायता?" ती म्हणाली. "बसा. भाकरी टाकूनच राहिली होती."

ईशाचा मोबाइल आपोआप खिशात गेला. आम्ही ओसरीवर बसलो. ज्वारीची गरम भाकर, अंबाडीची भाजी, वर लसणाच्या फोडणीचं तेल. दिलीपनं लाज सोडून तीन भाकरी खाल्ल्या. पुण्याच्या आमच्या वहिनी पानात भाजी वाढताना 'अजून थोडी घेणार का' असं विचारतात; इथे विचारण्याची पद्धत नाही, ताट रिकामं दिसलं की भाकर येऊन पडते. मी हात आडवा धरला, तरी माझ्याही ताटात पडली.

हात धुतल्यावर कौसामायनं मुलींना विचारलं, "भुलाबाई येते का तुमाले?"

दोघींनी माना हलवल्या. मला जुईला एकही गाणं शिकवावंसं वाटलं नव्हतं. का, ते तेव्हा कळलं.

"गानं नाई तं नाई. हे तरी ओळखा." ती आतून स्टीलचा झाकणाचा डबा घेऊन आली आणि कानाशी वाजवून दाखवला. खडखड आवाज आला. "परवा पुनवेले केल्लं. दरसाली करतो."

"कुणासाठी?" ईशानं विचारलं.

"येईन कोनी," कौसामाय म्हणाली.

मुली खुलल्या. डबा हलवून हलवून वाजवला. बिस्किटं? नाही. शेंगदाणे? नाही. चॉकलेट? कौसामाय तोंडाला पदर लावून हसायला लागली. ईशा म्हणाली की हे म्हणजे हॅलोविनसारखंच आहे, तिकडे पण मुलं दारोदार जाऊन खाऊ मागतात. मी त्या हसण्यात थोडी सैल झाले. वाटलं, निभावलं. आता नमस्कार करायचा, निघायचं, पाचच्या आत अकोला.

"हारल्या पोट्ट्या," कौसामाय म्हणाली आणि डबा माझ्यापुढे धरला. "तू सांग, वैजे. तुले तं माहीत असन. तेच हाय. तवापासून दुसरं काई केल्लंच नाई म्या."

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी डबा हलवला. क्लासमध्ये न येणाऱ्या गणिताला तोंड देतानासुद्धा मला असा घाम कधी फुटला नव्हता.

"फुटाणे," मी म्हणाले. "गूळ-फुटाणे."

कौसामायनं झाकण काढलं. आत कापण्या होत्या. गुळाच्या पाण्यात मळलेल्या कणकेच्या, खसखस लावून तळलेल्या, एकसारख्या कापलेल्या. तिनं एक माझ्या हातावर ठेवली.

"म्हंजे तू खाल्लीच नोती," ती म्हणाली.

खोटं बोलायला मला अजूनही जागा होती. इतक्या वर्षांनी कुणाला काय आठवतं, असं म्हणता आलं असतं. पण जुई समोर बसली होती.

"नाई खाल्ली, माय. फेकून देल्ली. तुह्या बागेतले संत्रे चोरून खाल्ले होते म्या. त्यानं पोट बिघडलं. मार खा लागन म्हणून तुहं नाव घेतलं."

दिलीप उगाच उठून गाडीकडे पाहून आला. मला वाटलं, आता ती शिव्या देईल, आणि तिनं द्याव्या अशी माझी इच्छा होती.

"मले वाटे, गंज कळकला असन," ती हळू म्हणाली. गंज म्हणजे आमच्याकडचं पातेलं; कलई उडाली की त्यातलं खाणं कळकतं, बाधतं. "ज्या पितळी गंजात गूळ भिजवला त्याची कलई गेल्ती. म्या मनलं, बाकीच्याईले पचलं, पन आपल्याच्यानं एका लेकराच्या जिवावर बेतलं. लोक काई बी म्हनत. भूत मनत, हडळ मनत. लोकाईचं काय? पन मले वाटे का चूक आपलीच हाय. तुह्या घरी पुसाले याची बी लाज वाटे." तिनं डब्यावर झाकण ठेवलं. "म्हंजे गंज चांगला होता."

"हो, माय."

"माह्या मायचा होता व तो. मोडीत देल्ला म्या."

तिच्या पहिल्या वाक्याचा अर्थ मला आत्ता लागला. पस्तीस वर्षं ही बाई माझ्या पोटाची काळजी करत होती. गावानं तिला वाळीत टाकलं त्याचं दुःख तिला होतंच, पण त्याहून मोठा भार मी घातला होता, आणि तो मला माहीतसुद्धा नव्हता. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. मी पाया पडायला वाकले तर तिनं पाय मागे घेतले.

"राहू दे," ती म्हणाली. "तुही माय हाय नं अजून?"

"हाय. माह्याकडंच असते."

"तिले सांगजो. कौसाच्या हाताले इख नोतं, म्हना. बस, इतलंच सांगजो."

मग तिनं तो डबा जुईच्या हातात दिला. "घेऊन जा. रस्त्यानं खासान."

अकोला

मूर्तिजापूरला चहासाठी थांबलो तेव्हा जुईनं एकच प्रश्न विचारला. "आई, मिरच्यांचा ठसका का नव्हता लागला?" मी म्हणाले, माहीत नाही. दमट असतील मिरच्या. माझ्या वहीत या प्रश्नासाठी जागा नव्हती.

भूतबंगला म्हणजे काळ्या कापडाचे बोगदे. नव्या रंगाचा वास, जनरेटरची घरघर, थर्माकोलच्या कवट्या, आणि बाहेर 'हृदयविकार असलेल्यांनी आत जाऊ नये' अशी पाटी. लोक तिकिटं काढून, रांगेत उभे राहून, मोठ्या आनंदानं घाबरायला आले होते. एका कुटुंबानं तर आजोबांनाही आणलं होतं. आत हात आले, किंचाळ्या आल्या, दिलीपनं एका सांगाड्याला बदाबदा दोन गुद्दे घातले आणि नंतर त्याची माफी मागितली, कारण त्या सांगाड्यात माणूस होता. एरवी या प्रसंगावर मी दोन महिने हसले असते.

शेवटच्या वळणावर पांढऱ्या साडीतली, केस मोकळे सोडलेली बाई अंगावर आली. ईशा किंचाळली. जुई किंचाळली नाही. ती त्या बाईच्या पायांकडे पाहत होती. सरळ होते.

बाहेर आलो तर थोड्या वेळानं तीच बाई मागच्या बाजूनं येऊन प्लास्टिकच्या खुर्चीवर टेकली. खेळ सुटला होता. तोंडावरची पांढरी पावडर घामानं ओघळलेली. जुई सरळ तिच्याकडे गेली, पाठीमागे ईशा. मी हाक मारेपर्यंत जुईनं पिशवीतून डबा काढून तिच्यापुढे वाजवला होता.

"ओळखा."

त्या बाईचा चेहराच बदलला. "अय्या, भुलाबाईचा डबा! थांब, थांब. गोड का तिखट?"

"गोड."

तिनं डबा कानाशी नेला, दोनदा हलवला. "कापण्या."

दोघी मुलींनी टाळ्या पिटल्या. बाईनं एक कापणी तोंडात टाकली, दुसरी उचलली. "मस्त झाल्या व. कोनं केल्या?"

मुली माझ्याकडे वळून बघायला लागल्या. "आमच्या गावच्या कौसामायनं," मी म्हणाले. तिच्या हातचं चांगलं असतं, हे मी कुणाला तरी पहिल्यांदा सांगत होते, आणि तेही एका रंगवलेल्या भुताला.

पुन्हा राजापेठ

परतीच्या वाटेवर मी आईला काय सांगायचं ते वहीत लिहायचा प्रयत्न केला. चार वेळा खोडलं. सकाळी मुली झोपलेल्या असताना तिच्या चहाच्या कपाशेजारी डबा ठेवला. तळाशी पाच-सहा कापण्या उरल्या होत्या. आईनं एक चहात बुडवून खाल्ली. "खसखस घातली बाई," म्हणाली. "कोनाकडची?"

मी सगळं सांगितलं. संत्री, कुंपण, गंज, मोड. शेवटी निरोप सांगितला, शब्दाला शब्द: कौसाच्या हाताले इख नोतं.

आई कपाकडे पाहत राहिली. मला वाटलं, तिला नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगायला लागले तर तिनं हातानं थांबवलं.

"संत्र्याची सालं सापडली होती मले," ती म्हणाली. "तुह्या फ्राकाच्या खिशात. रात्रीच सापडली."

"मंग?"

"तुहे बाबा छडी घेऊन बसले होते. आजी, काकू साऱ्या चुलीपाशी. मिरच्या टाकल्या तं ठसका लागला व. जोरात लागला. मले सगळ्याईच्या आधी लागला. म्या तोंडाले पदर लावला आन मनलं, नाई लागला. मी मास्तरीन. मी मनलं तं बाकीच्या बी खोकला गिळून बसल्या. मले वाटलं, दोन दिवसांत लोक विसरतीन."

चहा निवला. मग आई उठली, उरलेल्या कापण्या ताटलीत काढल्या आणि डबा घासायला घेतला. तिला गुडघ्यांमुळे उभं राहवत नाही, भांडी मी घासू देत नाही. त्या दिवशी मी आड आले नाही. तिनं तो दोनदा घासला, पुसला, ओट्यावर ठेवला.

"रिकामा डबा वापस कराचा नसते," ती म्हणाली. "काय भरावं याच्यात?"

ही गोष्ट होऊन आता तीन आठवडे झाले. आमच्या घरी कुणाचा डबा आला तर मी दुसऱ्या दिवशी साखर नाहीतर चार लाडू घालून परत करते, त्याला वही लागत नाही. हा डबा अजून ओट्यावरच आहे. रोज सकाळी आई त्याच्याकडे पाहते, मग माझ्याकडे पाहते, आणि आम्हा दोघींनाही अजून काही सुचलेलं नाही.